चोरखिसा

हात वर करा, काकू. श्वास सोडा.
पोट आत घेऊ नका, पॅरिसला गेल्यावर
कोण आत घेतंय.
परकराला, उजव्या अंगाला, नाडीच्या चार बोटं खाली,
पासपोर्ट मावेल एवढा.
चेन लावतो. बटण नको.
बटण म्हणजे कुलूप नव्हे, नुसती विनंती.

मी कुठला जातोय! माझी धाव
ठाकुरद्वारपासून मंगलदास मार्केट, अस्तर आणायला.
पण बावीस वर्षं लोक माझे खिसे घेऊन जातात
आणि उसवायला परत येतात.
उसवताना माणूस बोलतो.

तर ऐका.
दुकानात शिरलात की पहिलं बोंझूर. मग काय हवं ते.
बोंझूर न म्हणता भाव विचारला
तर तुम्ही त्यांना दिसतच नाही.
रेळेबाई पावाच्या दुकानात दहा मिनिटं उभ्या,
खाकरल्या, पर्स आपटली,
शेवटी मागच्या एका पोराने कानात सांगितलं.

पाणी मागताना काराफ म्हणा. नळाचं येतं, फुकट.
नुसतं वॉटर म्हणालात तर बाटली येते
आणि बाटलीमागून बिल.

मेट्रोचं तिकीट बाहेर पडेपर्यंत जपायचं.
दोंदे मास्तरांनी त्याची सुरळी करून कान कोरला
आणि दिली फेकून.
दंडाची पावती कपाटात ठेवलीय,
आल्यागेल्याला दाखवतात,
जसं काही मानपत्रच.

चपला जुन्या घ्या.

रस्त्यात कुणी अंगठी उचलून विचारलं, तुमची का?
तर नाही म्हणून चालू पडा.
आपली माणसं नाही म्हणतात
आणि वजन बघायला हातात घेतात.
तिथेच घोटाळा. पितळ असतं हो ते.

जरा वळा.
अण्णा नाहीच म्हणाले शेवटी?
दुधाचा चहा मिळत नाही, एवढ्यावर?
बरं. मग दोन नको, एकच पासपोर्ट.
खिसा पातळ होईल.
चालायला मोकळं वाटेल तुम्हाला.

सबनीसबाईंचा मी फार खोल शिवला होता.
तिकिटाच्या खिडकीशी, मागे ही रांग,
आणि बाईंचा हात काही पोचेना.
काय काय करावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
चूक माझी. तेव्हापासून चारच बोटं.

आता शेवटचं, हे मात्र लक्षात ठेवा.
टेकडीवर पांढरं चर्च आहे, तुम्ही जाणारच.
पायऱ्यांवर मुलं असतात, हातात रंगीत दोरे.
हसत हसत बोट धरतात,
तुम्ही कुठल्या, इंडिया का, म्हणेपर्यंत गाठ बसलेली असते.
मग पैसे.
हात पदराखाली ठेवा, मान हलवा, चढत राहा.
कठीण आहे, मला माहीत आहे.
आपल्याकडे कुणी दोरा काढला
की मनगट आपोआप पुढे होतं.

घोसाळकरांचा नातू आला होता, वीस युरो देऊन,
मनगटावर तोच दोरा, लाल-निळा, सुटता सुटेना.
म्हणाला, कापा.
कात्री हातात घेतली आणि आधी चष्मा लावला.
काय गाठ होती, काकू!
ओढाल तेवढी घट्ट होणारी, आणि अंगाने एवढीशी.
चाळीस वर्षं सुई धरतोय, मला येत नव्हती.
पोराला तासभर बसवून ठेवला,
कापली नाही, उलगडली,
फेरा फेरा बघत.

तुमच्या चेनीच्या टोकाला तीच मारणार आहे.

शुक्रवारी या, पाचनंतर.
उसवायचे पैसे मी घेत नाही.
नाहीतरी निम्म्या बायका उसवून घेतच नाहीत.
विचारलं तर म्हणतात, राहू दे,
असावा एखादा.